आतून लावायची कडी

त्या घरात सकाळी साडेसात ते साडेआठ हा तास कुणाच्याच मालकीचा नसे. सासूबाईंचा चष्मा हरवायचा तो याच तासात, दूध उतू जायचं ते याच तासात, आणि घरच्या कर्त्या पुरुषाला आपले पायमोजे वेगवेगळ्या रंगांचे आहेत हा साक्षात्कार व्हायचा तोही याच तासात. घरची सून एका हातात केसांची पिन आणि दुसऱ्या हातात फाईल धरून या खोलीतून त्या खोलीत फिरत असे. बसून चहा प्यायला तिला कधी जमलंच नाही. अर्धा कप ओट्याशी, पाव कप खिडकीशी, उरलेला गार होऊन मोरीत.

"बूड टेकव गं जरा," सासूबाई म्हणत. "उभ्यानं प्यालेला चहा पायात उतरतो."

"तुमचा चष्मा डोक्यावर आहे, आई."

"ठाऊक आहे मला. तो डोक्यावर कधी गेला ते आठवत होते."

आळीत या सुनेला सगळे तपासणीसबाई म्हणत. सरकारी तपासणीस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वजनकाटे नाहीतर हॉटेलांची स्वयंपाकघरं येतात. बाईंचं काम निराळं होतं. ज्यांची समज जन्मापासूनच हळू चालते अशी मोठी माणसं, कुणी तिशीची, कुणी साठीची, जिथे एकत्र राहतात, ती निवासगृहं त्या तपासत. तिथे माणसांना नीट ठेवलंय की नुसतं ठेवलंय, एवढंच बघायचं, असं त्या स्वतः सांगत. पंचवीस वर्षं त्या हेच बघत होत्या.

तर त्या सकाळी दार वाजलं. तीनदा. मग शांतता. मग पुन्हा तीनदा.

"बेल काय शोभेला लावलीय का?" सासूबाई म्हणाल्या.

बाई मात्र जागच्या जागी थांबल्या. कुणाच्याही खोलीत शिरण्याआधी दार तीनदा वाजवायचं, थांबायचं, उत्तर नाही आलं तर पुन्हा तीनदा, हा त्यांनीच निवासगृहांना घालून दिलेला नियम होता. असं दार वाजवणारं माणूस घरी यायचं काही कारण नव्हतं.

दारात पाहुणी उभी होती.

चव्वेचाळीस वर्षांची ही बाई दोन गल्ल्या पलीकडच्या निवासगृहात एकोणीस वर्षं राहत होती. "मी इथे पाहुणी आहे, रविवारी जाणार," असं ती पहिल्या दिवसापासून सांगत आली होती, म्हणून तिचं नाव पाहुणी पडलं. एक हजार रविवार होत आले, तरी तिची पिशवी पलंगाखाली भरलेली असे. दर गुरुवारी निवासगृहाची मंडळी बागेत जाताना याच रस्त्यानं जात, आणि गॅलरीत दिसल्या तर बाई त्यांना हात करत. घर तिला माहीत होतं ते असं.

आज ती एकटीच होती. खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी, काखेत घडी केलेले कपडे.

"बॅगताई," ती म्हणाली. बाईंच्या भल्यामोठ्या बॅगेमुळे सगळ्या निवासगृहांत त्यांना हेच म्हणत. "मी आंघोळीला आले."

मग सासूबाईंनी खुर्चीतूनच हात दाखवला. "गीझर चालूच आहे. डावीकडचं दार. पाणी आधी हातावर घेऊन बघ हं, चटका बसतो."

"बघते," पाहुणी म्हणाली. चपला काढून भिंतीला लावून ठेवल्या आणि सरळ आत गेली.

"आई, अहो, असं चालत नाही," बाई कुजबुजल्या. "मी यांची तपासणीस आहे. यांना माझ्या घरात..."

"तू तपासणीस असशील. मी नाहीये. दारात टॉवेल घेऊन आलेल्या बाईला काय परत पाठवायचं?"

बाईंनी फोन उचलला. निवासगृहाचा मॅनेजर फोनवर आला तेव्हा त्याचा आवाज आधीच पळत असल्यासारखा होता.

"मॅडम, मी तुम्हाला करणारच होतो. म्हणजे तसं काही नाही. म्हणजे एक छोटासा..."

"तुमची पाहुणी माझ्याकडे आहे."

"मी तिला शोधत पार स्टेशनापर्यंत आलोय. निघालो," एवढंच तो म्हणाला.

तेवढ्यात बाथरूमची कडी सरकल्याचा आवाज आला. जरा जड होती ती, जोर लावावा लागे. कडी लागली. मग उघडली. मग पुन्हा लागली. आतून दार दोनदा ओढून बघितल्याचा आवाज झाला. मग पाणी सुरू झालं.

आणि बाई दाराबाहेर येऊन उभ्या राहिल्या.

इथे सहा वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगायला हवी, कारण बाई त्या दारापाशी अशा का उभ्या राहिल्या हे त्याशिवाय कळायचं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक निवासगृह होतं. बाई तिथे तपासणीला गेल्या तेव्हा फार खूश झाल्या होत्या. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, प्रत्येकाच्या कपाटावर त्याचा फोटो, आणि बाथरूमच्या दारांना आतून नव्याकोऱ्या कड्या. माणसाला आडोसा आहे, म्हणून त्यांनी चारपैकी चार गुण दिले. तिथे बत्तीस वर्षांचा एक जण होता, त्याला सगळे गायक म्हणत, कारण तो आंघोळ करताना घसा फोडून गायचा. त्याला फिट यायच्या. तपासणीनंतर आठ आठवड्यांनी एका सकाळी त्याचं गाणं मध्येच थांबलं. गाणं संपलं असेल, असं सगळ्यांना वाटलं. दार तोडेपर्यंत उशीर झाला होता.

बाईंना कुणी एका शब्दानं बोललं नाही. ऑफिसनं नाही, त्याच्या आईनं नाही. पण त्या दिवसापासून त्यांचं बसणं सुटलं. गॅस बंद केला का, हे त्या तीन तीनदा बघू लागल्या. रस्त्यानं जाताना कुणाच्या घरातून गाणं ऐकू आलं तर ते संपेपर्यंत त्या रेंगाळत, असं त्यांच्या नवऱ्याच्या लक्षात आलं होतं. तो फक्त सोबत रेंगाळायला शिकला.

आणि त्यांनी एक वाक्य लिहिलं. तपासणीच्या ऑफिसात तयार वाक्यांची एक यादी होती. अहवाल लिहिताना नुसता आकडा टाकला की कॉम्प्युटर पूर्ण वाक्य उमटवत असे. सगळे तपासणीस तीच वाक्यं वापरत. सतराव्या क्रमांकावर बाईंनी स्वतःच्या हातानं घातलं: न्हाणीघर व शौचालयाच्या दारांना आतून कडी असू नये, याची दक्षता घ्यावी. शहरात चाळीस निवासगृहं होती. वर्षाच्या आत चाळीसही निवासगृहांतल्या कड्या निघाल्या. एवढ्या तत्परतेनं पाळलेली सूचना त्यांच्या नोकरीत दुसरी नव्हती.

आता त्यांच्याच बाथरूमची कडी आतून लागलेली होती.

"ठीक आहे ना?" बाईंनी दारातून विचारलं.

"आहे," आतून उत्तर आलं.

दोन मिनिटं गेली. बाईंनी घड्याळ बघितलं. पाहुणीला कधी फिट आलेली नव्हती, तिची फाईल त्यांना पाठ होती. रक्तदाब नाही, साखर नाही, चक्कर नाही. तरी त्यांच्या पायांना ते पटेना.

"झालं का?"

"नाही."

पाणी थांबलं. बाई दाराला कान लावून उभ्या राहिल्या. आत काही वाजेना. त्यांनी हात वर केला, दार ठोठावायला, तोच सासूबाईंचा आवाज आला.

"मी आत असताना तू अशी दाराला चिकटलीस ना, तर मी पाण्यानं भरलेला मग घेऊनच बाहेर येईन."

"आई, पाणी थांबलंय."

"साबण लावत असेल. तू साबण वाहत्या पाण्यात लावतेस?"

पाणी पुन्हा सुरू झालं. बाई स्वयंपाकघरात गेल्या, गॅस बंद आहे का बघितला, परत आल्या. नवरा पायमोज्यांची जोडी हातात धरून दारात उभा होता, त्याला त्यांनी काही न बोलता आत पाठवलं. पुन्हा घड्याळ. पस्तीस मिनिटं झाली तेव्हा कडी सरकली आणि पाहुणी बाहेर आली. केस पुसलेले, वेणी घातलेली, चेहरा लालबुंद. आंघोळ करून आलेलं माणूस ताजंतवानं दिसतं, पण ही एखादी मोठी मजल मारून आल्यासारखी दिसत होती.

"तुमची कडी चांगली आहे," ती म्हणाली. "जड आहे."

सासूबाईंनी तिला खुर्ची दिली, चहा दिला. ती बसली. बाई समोर उभ्याच.

बाईंची विचारायची एक पद्धत होती. ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं येईल असा प्रश्न त्या कधी करत नसत. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या मर्जीनं राहिलेली माणसं समोरच्याला हवं ते उत्तर देतात, हे त्या नव्या तपासणिसांना पहिल्या दिवशी शिकवत. इथे बरं आहे ना, असं विचारलं की हो. जेवण आवडतं ना, हो. म्हणून त्या विचारत, काल सकाळपासून काय काय केलं? आणि बोलण्याआधी चपला बघत. टाच झिजली असेल तर माणूस बाहेर जातं. टॉवेल हुंगत. उशी उलटी करून बघत. फाईल सगळ्यात शेवटी.

"पाहुणे, तिकडे आंघोळीचं काय होतं ते सांगा मला," त्या म्हणाल्या.

पाहुणीनं कप बशीत ठेवला. "तिकडे दार ढकललं की उघडतं. स्वयंपाकवाल्या बाई बादली घ्यायला येतात. नळवाला आला होता. तो पण आला. मागच्या खोलीतले काका चुकून येतात, रोज चुकून येतात." ती थांबली. "सगळे सॉरी म्हणतात. सॉरी म्हणतात आणि बघतात."

"मग तुम्ही काय करता?"

"मी वाट बघते. दुपारी सगळे झोपले की मग जाते. पायानं दार दाबून धरते आणि आंघोळ करते. पाय दुखतो. काल पाय घसरला."

तिनं गुडघा दाखवला. चांगला निळा झाला होता.

बाईंच्या डोक्यात कुठेतरी काहीतरी खळकन पडलं. आठ महिन्यांपूर्वीच्या तपासणीत त्यांनी पाहुणीला विचारलं होतं, काल काय काय केलं? आणि ती म्हणाली होती, "वाट बघितली." बाईंनी हसून लिहून घेतलं होतं: वेळेचे भान चांगले. कशाची वाट, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. त्यांना वाटलं, रविवारची. त्याच दिवशी त्या बाथरूममध्ये गेल्या होत्या, दार पुढून-मागून बघितलं होतं, कडी नाही याची खात्री केली होती आणि फॉर्मवर बरोबरची खूण केली होती.

मॅनेजर आला तो घामाघूम. बिचारा चाळिशीचा, दोन माणसांचं काम एकटा ओढणारा. पाहुणीला बघून त्याच्या जिवात जीव आला, आणि बाईंना बघून पुन्हा गेला.

"मॅडम, फाटक उघडंच असतं आपलं. म्हणजे तुम्हीच मागे म्हणाला होतात, कोंडून ठेवू नका."

"म्हणाले होते."

"सकाळी कपड्यांच्या मोजणीत होतो आम्ही. चाळीस मिनिटं लक्षात नाही आलं. तेवढा वेळ ती तुमच्या जिन्यातच बसून होती म्हणे." त्यानं आवाज खाली आणला. "हे वर जाणार का?"

"आधी मला सांगा, बाथरूमला कडी नाही हे किती जणांना त्रासाचं होतंय?"

मॅनेजरनं त्यांच्याकडे असं बघितलं, जणू त्या गंमत करताहेत. "मॅडम, कड्या तुमच्या शेऱ्यावरून काढल्या. न्हाणीघर व शौचालयाच्या दारांना आतून कडी असू नये, याची दक्षता घ्यावी." सगळं वाक्य त्यानं धडा म्हणावा तसं म्हटलं. "मी तेव्हा फोन केला होता तुम्हाला. आमच्याकडे फिट येणारे फक्त दोघं आहेत, बाकीच्या तेरा जणांच्या ठेवू का, असं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, नियम सगळ्यांना सारखा."

बाईंना तो फोन आठवला. त्या वेळी त्या बसस्टॉपवर येरझाऱ्या घालत होत्या, तेही आठवलं.

"मग पडदा तरी लावायचा."

"लावला होता. पुढच्या तपासणीत तुमच्या दुसऱ्या मॅडम आल्या. म्हणाल्या, पडद्यात पाय अडकेल."

सासूबाई म्हणाल्या, "एवढी शिकलेली माणसं तुम्ही. एका बाईला चार भिंतींच्या आत धड आंघोळ करता येईना, आणि तुमच्या फाईली मात्र स्वच्छ."

पाहुणीनं चहा संपवला, बशीसकट कप मोरीत नेऊन ठेवला आणि मॅनेजरबरोबर निघाली. जाताना तिनं सासूबाईंना विचारलं, "उद्या येऊ?"

"ये की," सासूबाई म्हणाल्या. बाईंना माहीत होतं, उद्या ते फाटक उघडं असेलच असं नाही.

खरी मेख तिथेच होती. नियम असा, की निवासगृहातलं माणूस अर्ध्या तासाहून जास्त वेळ दिसलं नाही तर तपासणिसानं लेखी कळवायचं. कळवलं की ऑफिसातले साहेब यादीतलं एकतिसावं वाक्य टाकणार: प्रवेशद्वार सदैव कुलूपबंद ठेवावे. म्हणजे कडी मागायला आलेली बाई कुलूप घेऊन जाणार. पंधरा माणसांचं बाहेर जाणं बंद. आणि कळवलं नाही, तर पंचवीस वर्षांत जे एकदाही केलं नाही ते त्या करणार, डोळ्यांनी बघितलेलं लपवणार.

ऑफिसात जाईपर्यंत बाईंनी मनात चार अहवाल लिहिले आणि चारही फाडले. एकात दोष मॅनेजरचा निघत होता. दुसऱ्यात पाहुणीचा. तिसऱ्यात कुणाचाच नाही, आणि हा तिसरा वाचायला सगळ्यात सुरेख होता. चौथ्यात काय लिहिलं होतं ते त्यांना बसमधून उतरेपर्यंत आठवेना. त्या दोन स्टॉप आधीच उतरल्या आणि उरलेलं अंतर चालत गेल्या.

टेबलाशी त्या उभ्या राहूनच टाइप करू लागल्या. पहिल्याच ओळीत लिहिलं: या घटनेचे मूळ कारण खाली सही करणाऱ्या तपासणिसाने सहा वर्षांपूर्वी लिहिलेले वाक्य क्रमांक सतरा हे आहे. मग आंघोळ, नळवाला, निळा गुडघा, सगळं जसं ऐकलं तसं. पाहुणीचं वाक्यही तसंच्या तसं: सॉरी म्हणतात आणि बघतात. आकड्यांची वाक्यं वापरली नाहीत.

साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. साहेब वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला त्यांचे चौदा महिने उरले होते आणि ते दिवस त्यांना नुसते सुखरूप पार पाडायचे होते.

"हे असं स्वतःवर कशाला ओढून घ्यायचं?" ते म्हणाले. "फाटकाचा शेरा मारू, विषय संपला. एकतीस टाका."

"एकतीस टाकला तर ती परत कधी बाहेर येणार नाही, साहेब."

"सुरक्षित तरी राहील."

"आत घसरून पडली काल. दार पायानं दाबून धरायला लागतं तिला."

"मग काय, कड्या परत लावू म्हणता? तुम्ही म्हणता?" साहेबांचा आवाज हळू झाला. गायकाच्या वेळी तेच साहेब होते. "उद्या आणखी कुणी आत पडलं तर?"

याचंच उत्तर बाई सकाळभर शोधत होत्या. त्या खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "फिट येणाऱ्यांचं वेगळं बघू. प्रत्येकाचं वेगळं बसून ठरवू, त्यांना विचारून. बाकीच्यांना बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येईल अशी कडी मिळते, हॉस्पिटलात असते तशी. तरी मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही की काही होणार नाही. गायकाच्या वेळी मला भीती वाटली आणि मी ती चाळीस ठिकाणी वाटून टाकली. ते चुकलं, एवढं सांगू शकते."

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसले. मग म्हणाले, "एकाच निवासगृहात. तीन महिने. तुमच्या सहीनं. आणि काही झालं तर मी हा कागद पाहिलेला आहे, पण मान्य केलेला नाही."

"चालेल," बाई म्हणाल्या, आणि सही केली. फाटकाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: पूर्वीप्रमाणे.

सुतार तेराव्या दिवशी आला. तोवर पाहुणी रोज सकाळी तीनदा दार वाजवून येत राहिली, आता मॅनेजरला सांगून, सोबत एका केअरटेकरला घेऊन. सासूबाई तिच्यासाठी गीझर आधीच लावून ठेवत. नियमात हे कुठे बसतं असं बाईंनी एकदा विचारून बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "ती माझ्याकडे येते. तू त्या वेळी गॅलरीत जात जा." आणि बाई खरंच गॅलरीत जात, पण गॅलरीत बाथरूमच्या खिडकीतून आवाज येई, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

कड्या लागल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई तपासणीला गेल्या. सकाळीच गेल्या, आठला. पूर्वी त्या नेहमी दुपारी जात, तेव्हा बाथरूम कोरडी आणि चकचकीत असे. सकाळी तिथे काय चालतं हे त्यांनी पंचवीस वर्षांत फारसं बघितलंच नव्हतं. बोळात टॉवेलवाल्यांची रांग होती. कुणीतरी दुसऱ्याच्या साबणावरून भांडत होतं. एक आजोबा कडी लावून-काढून बघत होते आणि आत जायलाच तयार नव्हते, त्यांना नुसती कडीच हवी होती.

"सकाळपासून सोळा वेळा झालं," मॅनेजर म्हणाला. "सुतार म्हणाला होता, दहा वर्षं टिकेल. मला वाटतं, असे वापरताहेत, की दहा दिवस टिकली तरी पुष्कळ."

"झिजू दे," बाई म्हणाल्या.

पाहुणीची पाळी आली. ती आत गेली. कडी फिरली. पाणी सुरू झालं.

दाराशेजारी स्टुलावर एक केअरटेकर बसली होती, हातात एक नाणं घेऊन. तशी सूचनाच होती. अहवालाच्या शेवटी बाईंनी स्वतः घातलेली. निवासी आत असेपर्यंत कर्मचाऱ्यानं दाराजवळ थांबावं. तिच्या शेजारी मॅनेजर उभा राहिला, नवी कडी कशी चालते ते बघायला. त्याच्या शेजारी बाई. सुतार हत्यारं गोळा करायला आला होता, तोही जरा थांबला. पाणी थांबलं तेव्हा चौघांनीही बोलणं थांबवलं.

"पाहुणे, बरं आहे ना?" केअरटेकरनं विचारलं.

आतून उत्तर आलं नाही. बाईंचा हात आपोआप नाण्याकडे गेला. तो त्यांनी मागे घेतला. परत पुढे केला. केअरटेकरनं नाणं त्यांच्या हातात ठेवलं. नाणं तापलेलं होतं, किती वेळ मुठीत धरलं होतं कोण जाणे. बाई दाराकडे बघत राहिल्या. फिरवलं की झालं, एका क्षणाचं काम. कडीच्या बाहेरच्या बाजूला नाण्यासाठी एक खाच होती, ती त्यांना आता दिवसभर दिसत राहणार होती.

त्यांनी फिरवलं नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत.

पाणी पुन्हा सुरू झालं. मग थांबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग कडी उघडली.

पाहुणी दारात आली. तिनं केअरटेकरकडे बघितलं, मॅनेजरकडे बघितलं, सुताराकडे बघितलं, मग बाईंच्या हातातल्या नाण्याकडे. सुतारानं खाली बघून पेटी उचलली आणि तो चालू पडला.

बाईंनी नाणं बॅगेत टाकलं. फॉर्मवर एक रकाना असे, निवासीचे स्वतःचे म्हणणे. तो त्या नेहमी सगळ्यांत शेवटी भरत. आज त्यांनी तोच पहिला काढला आणि पेन उघडलं.

"पाहुणे," त्या म्हणाल्या, "आता काय काय करायला हवं, ते सांगा. तुम्ही म्हणाल तसंच लिहिते."

पाहुणीनं थोडा विचार केला. ओला टॉवेल नीट खांद्यावर घेतला.

"मी आत असले की बाहेर कुणी उभं राहू नका," ती म्हणाली. "तुम्ही पण."